फॉलवालीला विचारा, मग नकाशा उघडा

नव्या शहरात राहायला आल्यावर भरतकाम किंवा क्रोशा करणारी माणसं आधी मोबाइलवर ‘क्राफ्ट स्टोअर’ शोधतात आणि तिथेच फसतात. समोर येतात ती मॉलमधली दोन-चार दुकानं. ॲक्रिलिक रंग, डेकुपाजचा गोंद आणि एका कोपऱ्यात धूळ खात पडलेलं भरतकामाचं किट. मग ‘इथे काही मिळतच नाही’ असं ठरवून मोकळं व्हायचं. माल असतो, पण तो छंदवाल्यांच्या नावाने विकला जात नाही. आपल्याकडे सुई, दोरा, लेस, मणी हे सगळं शिंपी, फॉल-पिको करणाऱ्या बायका, आरीचे (आकड्याच्या सुईने भरतकाम करणारे) कारागीर आणि नवरात्रात चनिया-चोळ्या शिवणारे यांच्यासाठी बाजारात येतं. आपण त्यातलं किरकोळ गिऱ्हाईक. म्हणून ज्यांच्या जिवावर ही दुकानं चालतात, ती माणसं आधी गाठावीत.

सुरुवात घराजवळच्या फॉल-पिकोवालीपासून. तिला ‘भरतकामाचं सामान कुठे मिळेल?’ असं विचारलंत तर ती कोपऱ्यावरचं मॅचिंग सेंटर दाखवील. ‘तुम्ही फॉल आणि रिळं घाऊक कुठून आणता?’ असं विचारा. ब्लाउजवर वर्क करून देणारी कोणी जवळपास असेल तर मणी आणि जर कुठली, हे तिला वेगळं विचारा. त्याचं उत्तर बहुधा दुसऱ्याच गल्लीचं येतं, कारण शिवणाचा माल आणि वर्कचा माल हे दोन निराळे धंदे आहेत.

नकाशावर शोधायचे शब्दही याच धंद्यांचे. ‘मॅचिंग सेंटर’मध्ये अस्तर, ब्लाउजपीस, फॉल आणि रिळं. ‘टेलरिंग मटेरियल’मध्ये सुया, बॉबिन, चेन, बटणं, बकरम, इलॅस्टिक. ‘हँडवर्क मटेरियल’ किंवा ‘आरी वर्क मटेरियल’ या पाटीखाली टिकल्या, मणी, दबका (बारीक तारेची गुंडाळी), जर. लोकरीसाठी ‘वूल’. दुकानाला किती तारे मिळालेत ते सोडा. लोकांनी टाकलेले आतले फोटो मोठे करून बघा. भिंतभर रिळांचे खण दिसले तर जाण्यात अर्थ आहे, नुसत्या लटकवलेल्या ड्रेस मटेरियलचा फोटो असेल तर नाही.

मुंबईत हा बाजार पायी फिरता येतो. सीएसएमटी किंवा मस्जिद स्टेशनला उतरून क्रॉफर्ड मार्केट गाठा. त्याच्या जवळच मंगलदास मार्केट आहे, तिथे कापड. मांजरपाट, केंब्रिक, पॉपलीन, मलमल, टू बाय टू, सगळं ताग्यातून कापून मिळतं. भाव विचारण्याआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायचा. ३६ इंची आणि ४४ इंची पन्ह्याचा मीटरचा भाव सारखाच सांगितला तर ३६ इंची कापड महाग पडतं, हे घाईत लक्षात येत नाही. चालण्यासारखं कापड असेल तर कात्रीने कापण्याऐवजी फाडून द्यायला सांगा. फाडलेली कड धाग्यावर सरळ येते, कात्री तिरकी गेली की मोजून घालायच्या भरतकामात दोन इंच वाया जातात.

तिथून काळबादेवीच्या दिशेने चालत भुलेश्वर. लेस, गोटा, लटकन, आरसे, कुंदन हे इथलं. या भागात देवांची वस्त्रं आणि साज विकणारी दुकानं आहेत, आणि मला वाटतं बारीक कामासाठी याच दुकानांत आधी शिरावं. ठाकुरजींच्या वाघ्याला (मूर्तीच्या पोशाखाला) लागणारी अर्ध्या इंचाहून अरुंद किनार साड्यांच्या लेसवाल्याकडे सहसा नसते. उपनगरात राहणाऱ्यांना एवढ्या लांब यायची गरज दर वेळी नाही. मालाडला पश्चिमेच्या नटराज मार्केटमध्ये लेस आणि वर्कचा बराच माल मिळतो, दादर पश्चिमेला शिवणाचं किरकोळ सामान. मात्र मंगलदास रविवारी बंद, दादरला अनेक दुकानांची सुट्टी सोमवारी.

पुण्यात किरकोळीला तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्ता, घाऊकला रविवार पेठ. तुळशीबागेत एक लडी मागितली तरी कोणी भुवया उंचावत नाही. रविवार पेठेत काही दुकानं डझनाखाली बोलतच नाहीत, तेव्हा दारातच ‘सुटं देता का?’ असं विचारलेलं बरं. दुपारी एक ते चारच्या दरम्यान पेठांत काय होतं, हे नव्याने आलेल्यांना कोणीतरी सांगितलं असेलच. दिल्लीचा किनारी बाजार, बंगळूरचं चिकपेट, हैदराबादचा बेगम बाजार या जागाही अशाच धंद्याच्या आहेत. तिथे बदली झालेल्यांनी पहिला शनिवार तिकडे घालवावा, पण सकाळचा. सकाळी दुकान उघडल्यावर तासाभरात काउंटरवरच्या माणसाला खोके खाली काढायला वेळ असतो. संध्याकाळी तो फक्त हाताला लागेल ते देतो. नवरात्राआधीचे तीन आठवडे आणि लग्नसराई टाळा.

जाताना एक नमुन्याची पिशवी न्यावी. मशीनची एक जुनी सुई, भरलेलं बॉबिन, ज्या कापडावर काम चाललंय त्याचा तळहाताएवढा तुकडा, संपत आलेल्या दोऱ्याचं टोक आणि त्याच्या नंबराची चिठ्ठी, सहा इंची पट्टी, छोटं भिंग. ‘मध्यम जाडीची सुई’ असं म्हटलंत की दुकानदाराच्या मनातली मध्यम घरी येते.

सुयांचं थोडं खोलात सांगतो, कारण परत फिरण्याच्या निम्म्या फेऱ्या याच मालामुळे होतात. घरगुती मशीनला लागते ती एचए×१, वरचा दांडा एका बाजूने चपटा. टेलरिंग मटेरियलच्या दुकानात रोज खपते ती कारखान्याच्या मशीनची डीबी×१, तिचा दांडा पूर्ण गोल आणि बारीक: साधारण १.६ मिलिमीटर, घरगुती सुईचा २ मिलिमीटर. ही सुई घरच्या मशीनमध्ये शिरते, स्क्रूही घट्ट होतो, पण ती नीट जागेवर बसत नाही. टाके सुटतात, आणि आपण उगाच दोऱ्याचा ताण कमीजास्त करत बसतो. मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड: मलमलीला ११, साध्या सुती कापडाला १४, जीन्सला १६ किंवा १८. हाताच्या सुईचं बरोबर उलटं. तिथे नंबर वाढला की सुई बारीक. भरतकामाला दोन पदर ओवायचे तर ७ ते ९ नंबर चालतो. क्रॉस स्टिचला, म्हणजे फुलीच्या टाक्याला, टोक बोथट असलेली टॅपेस्ट्री सुई घ्या, १४ काउंटला (इंचात १४ चौकोन असलेल्या कापडाला) २४ नंबर. ‘मिक्स पाकीट’ स्वस्त असतं, पण त्यातल्या पंचवीसपैकी कामाच्या चार.

विणकामाच्या सुयांची गोम आणखी वेगळी. आपल्याकडच्या लोकरवाल्यांच्या तोंडी अजून जुने ब्रिटिश नंबर आहेत, त्यात ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. आणि व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांच्या नमुन्यात असतात ते अमेरिकन नंबर, त्यात ८ म्हणजे ५ मिलिमीटर. शिवाय ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक, अमेरिकन वाढला की जाड. नंबर कधी सांगूच नका. मिलिमीटर सांगा, आणि दुकानदार गोंधळला तर भोकांची मोजपट्टी सोबत असू द्या. क्रोशाच्या सुईलाही हेच.

क्रॉस स्टिचचं कापड मागितलं की बऱ्याच दुकानांत ‘मॅटी’ पुढे येतं. मॅटी वाईट नाही, आयडापेक्षा (क्रॉस स्टिचसाठीच चौकोनी विणलेल्या कापडापेक्षा) स्वस्त आहे आणि उश्यांच्या अभ्र्यांना टिकतं. अडचण अशी की उभ्या आणि आडव्या धाग्यांची घनता सारखी असेलच असं नाही. दुकानातच पट्टी ठेवून भिंगातून एका इंचातले चौकोन मोजा, एकदा उभे, एकदा आडवे. समजा एका दिशेने १४ आणि दुसऱ्या दिशेने १२ निघाले, तर ९८ टाक्यांचं वर्तुळ एकीकडे ७ इंच आणि दुसरीकडे ८ इंचांहून थोडं जास्त होईल. गणपतीचं तोंड असं लांबट झालेलं पुष्कळ घरांत फ्रेममध्ये लटकलेलं असतं. आयडा घेताना हिशेब सरळ: १४० बाय ९८ टाक्यांचा नमुना १४ काउंटवर १० बाय ७ इंच, चारही बाजूंनी ३ इंच सोडायचे, म्हणजे १६ बाय १३ इंचांचा तुकडा. घडीवर पिवळी रेघ पडलेला तुकडा घेऊ नका, ती धुऊन जाईलच याचा भरवसा नाही. कर्नाटकी कशिद्यासारखं मोजणीचं काम साडीच्या दाट विणीवर करायचं असेल तर टेलरिंगवाल्याकडे सुटा जाळीदार कॅनव्हास मागा. तो साडीवर टाचून, त्याचे चौकोन मोजून टाके घालायचे आणि शेवटी कॅनव्हासचा एकेक धागा ओढून काढायचा. त्यासाठी चिकटवायचा कॅनव्हास नको. त्याचे धागे निघत नाहीत, तुटतात.

दोऱ्याची लडी सहा पदरांची आणि ८ मीटरची असते. दोन पदरांनी काम केलं तर २४ मीटर हाती येतं. ओळखीच्या ब्रँडची, कागदी पट्ट्यावर नंबर छापलेली लडी घ्या, आणि पट्टा फेकू नका. बिनपट्ट्याच्या चमकदार लड्या बहुधा रेयॉनच्या असतात. रंग देखणा, पण पदर फुगतात आणि गाठ सुटते. लाल, मरून आणि काळा दोरा घरी आल्यावर आधी तपासावा: ओल्या दोऱ्याचं टोक पांढऱ्या सुती कापडात ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. डाग उमटला तर तो दोरा पांढऱ्या कापडावर वापरायचा नाही. ‘सिल्क’ म्हणून मिळणाऱ्या दोऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा. जळक्या केसांचा वास आणि बोटाने चुरडणारी काळी राख म्हणजे रेशीम. कागदासारखा वास आला तर व्हिस्कोस किंवा सूत. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. रंग जुळवताना दुकानाच्या दाराशी, उजेडात या. गडद निळा आणि काळा यांचं ट्यूबलाइटखाली हमखास चुकतं.

लेसचं बंडल साधारण ९ मीटरचं. पूर्ण साडीला लावायची असेल तर दोन लांब कडा ५.५ मीटरच्या आणि पदर सव्वा मीटरच्या आतबाहेर, म्हणजे १२ मीटरच्या वर. एका बंडलात भागत नाही, आणि महिन्याने गेल्यावर तीच लेस त्याच सोनेरी छटेत मिळेल ही आशा सोडा. सुती साडीला पॉलिस्टर लेस लावणार असाल तर साडी आधी भिजवून आटवा, नाहीतर पहिल्या धुण्यात साडी आक्रसते, लेस आहे तशीच राहते आणि काठाला चुण्या पडतात. सुती फॉलचं उलटं: तो स्वतः आटतो, म्हणून तो तासभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करूनच लावावा.

टिकल्या, मणी, दबका वजनावर. किती ग्रॅम लागतील हे आधी कळत नाही, तेव्हा सगळ्यात लहान पुडी घेऊन दोन इंच काम करून बघा आणि त्यावरून हिशेब मांडा. काचेच्या बारीक मण्यांचा नंबरही उलटा चालतो, मोठा नंबर म्हणजे बारीक मणी. रंगवलेले मणी ओळखायला एखादा मणी नेलपेंट काढायच्या द्रवात घरी टाकून ठेवा, रंग सुटला तर ते धुवायच्या कपड्यावर नकोत. जरीत ‘टेस्टेड’ म्हणतात ती तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली. ती हवेने काळवंडते, म्हणून एका कामापुरतीच घ्यावी.

बटणांचं माप लाइनमध्ये सांगतात, ४० लाइन म्हणजे एक इंच. शर्टाला १८. रोलची चेन मीटरवर घेतलीत तर रनर (चेन ओढायची सरकती कडी) त्याच नंबरचे घ्या. ३ नंबरच्या चेनवर ५ नंबरचा रनर चढतो, पण दात मिटत नाहीत.

राहता राहिली लोकर. पुण्या-मुंबईत तिची दुकानं मोजकी, आणि नवा माल थंडीच्या तोंडावर येतो, त्यामुळे उन्हाळ्यात रंग अपुरे असतात. पट्ट्यावर रंगाच्या नंबराशेजारी लॉटचा नंबर असतो. एका स्वेटरचे सगळे गोळे एकाच लॉटचे हवेत. वेगळ्या लॉटचा गोळा दुकानात हुबेहूब दिसतो आणि पाठीवर विणल्यावर पट्टा होऊन उमटतो. अंदाजापेक्षा एक गोळा जास्त घ्या, आणि न उघडलेला परत घ्याल का, हे पैसे देण्याआधी विचारून बिलावर लिहून घ्या. लॉट मिसळावाच लागला तर अंग एका लॉटचं आणि कॉलर, मनगट, खालची पट्टी दुसऱ्याची करा.