पीसी की पीएस५: बुधवार पेठेतलं कोटेशन आणि पाच वर्षांचा हिशोब

गेम खेळायला पीसी घ्यावा की सोनीचा पीएस५ हा कन्सोल? नुसत्या वस्तूची किंमत पाहिली तर कन्सोल स्वस्त पडतो, यात वाद नाही. मला हवा होता पाच वर्षांचा हिशोब: पहिला गेम सुरू होईपर्यंत किती जातात, पुढे दरवर्षी किती लागतात आणि विकताना हातात काय येतं. घरात ४३ इंची टीव्ही होता. कामाचा लॅपटॉप बदलायला आला होता, आणि सगळं गणित शेवटी त्या लॅपटॉपनेच फिरवलं.

जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आसपासच्या तीन दुकानांतून सुटे पार्ट जोडून केलेल्या पीसीचं कोटेशन घेतलं. ‘गेमिंग पॅकेज’ घेऊ नका, प्रत्येक पार्टचा मॉडेल नंबर लिहून मागा. एका पॅकेजमध्ये एसएमपीएससमोर (पीसीला वीज पुरवणारा डबा) फक्त ‘६०० वॉट’ लिहिलं होतं, कंपनीचं नाव नाही आणि ८० प्लस हे वीज वाया न घालवण्याचं रेटिंगही नाही. रॅमही १६ जीबीची एकच स्टिक. एका स्टिकवर मेमरी सिंगल चॅनलमध्ये, म्हणजे एकाच वाटेने चालते आणि गेममध्ये फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं. त्याच पैशात ८ जीबीच्या दोन मिळतात.

शेवटी ठरलेली यादी अशी: रायझन ५ ५६०० प्रोसेसर (११,२००), बी५५० मदरबोर्ड (९,४००), १६ जीबी डीडीआर४ ३२०० रॅम (३,४००), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (५,६००), ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड (२९,०००), ५५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस (४,५००), कॅबिनेट (३,९००). म्हणजे ६७,०००. त्यावर २४ इंची १६५ हर्ट्झ मॉनिटर १०,८०० आणि कीबोर्ड-माउस १,७००. एकूण ७९,५००, विंडोजचं लायसन्स वेगळं. हे तेव्हाचे भाव. २०२५ च्या अखेरीला रॅम आणि एसएसडी चांगलेच महागले, त्यामुळे तुमचं कोटेशन ताजंच घ्या.

पीएस५ स्लिम तेव्हा डिस्क ड्राइव्हसह ५४,९९० ला होता आणि ड्राइव्ह नसलेला डिजिटल ४४,९९० ला. टीव्ही घरात असेल तर तेवढ्यावर खेळ सुरू. टीव्हीत गेम मोड मात्र चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल उशिरा होते आणि दोष कंट्रोलरला दिला जातो.

दहा हजार वाचत होते, तरी डिजिटल घेण्याआधी थांबा. सोनीचा नवा मोठा गेम तेव्हा ४,९९९ ला यायचा. डिस्क घेऊन दोन महिन्यांत विकली तर मी ३,००० धरले, म्हणजे गेम पडला दोन हजाराला. चार डिस्क विकल्या की ड्राइव्हचे पैसे वसूल, आणि पुढची प्रत्येक डिस्क फायद्यात. डिजिटलवर घेतलेला गेम अकाउंटलाच चिकटतो, विकता येत नाही. पीसीवरही तसंच आहे, पण तिथे भरपाई दुसरीकडून होते: स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचे सेल, एपिक या तशाच दुसऱ्या दुकानावर दर आठवड्याला मिळणारा फुकट गेम, आणि ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी नाही. कन्सोलवर विकतचा गेम ऑनलाइन खेळायचा तर बहुतेक वेळा पीएस प्लस ही सोनीची वर्गणी लागते. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना लागत नाही. स्टीमवर गेम आवडला नाही तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. ही सोय मला फार मोलाची वाटते. आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळायचा असेल तर प्रश्नच मिटला, तो कन्सोलवर नाहीच.

विजेचा फरक नगण्य आहे. पीएस५ मोठ्या गेममध्ये साधारण २०० वॉट घेतो, हा पीसी २५० धरा. रोज दोन तासांनी महिन्याला १२ युनिट विरुद्ध १५.

आता लॅपटॉप. कामासाठी संगणक घ्यायचाच होता. ग्राफिक्स कार्ड काढलं, एसएमपीएस लहान केला (१,५०० कमी), मॉनिटर साधा घेतला (४,००० कमी) आणि प्रोसेसर जवळपास त्याच भावाचा पण आतच ग्राफिक्स असलेला ५६००जी धरला, तर तोच संगणक ४५,००० ला होतो. म्हणजे गेमिंगचा खरा खर्च ३४,५००, कन्सोलपेक्षा वीस हजारांनी कमी. घरात चांगला संगणक आधीच असता तर मी डिस्कवाला पीएस५ घेतला असता, आणि तसाच सल्ला देईन.

जोडणीत अडतं ते ठरावीक ठिकाणी. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, म्हणून मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली तर पडदा काळाच राहतो; ती कार्डलाच लावायची. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, दोन्ही बाजूंनी ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबायची. प्रोसेसरची ८ पिनची वायर मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात असते, तीच विसरली जाते. पीसी सुरू झाल्यावर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २६६६ किंवा त्याहून कमी वेगाने चालत राहते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १६५ हर्ट्झ निवडा, तो बहुतेक वेळा ६० वरच असतो. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते.

एक खर्च कोणत्याच कोटेशनमध्ये नव्हता: यूपीएस. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, पावसाळ्यात तर अधूनमधून जातेच. ६०० व्हीएच्या यूपीएसमधून साधारण ३६० वॉट मिळतात. पीसी आणि मॉनिटर तेवढ्यात बसतात, पण वेळ मिळतो काही मिनिटांचा: गेम सेव्ह करायचा आणि शटडाउन. पीएस५ घेतलात तरी तो लावा. रेस्ट मोडमध्ये, म्हणजे पूर्ण बंद न करता झोपवलेला असताना वीज गेली तर पुढच्या वेळी तो आधी स्टोरेज तपासत बसतो.