भरतीच्या मागे, फ्लेमिंगोंच्या शहरात

ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर रविवारी सकाळीही गर्दी असतेच, फक्त लॅपटॉपच्या बॅगा कमी असतात. पुण्याहून सुट्टीला आलेल्या भाचीला फ्लेमिंगो बघायचे होते आणि एप्रिल अर्धा सरला होता. मे संपता संपता हे पाहुणे निघतात, म्हणून फार विचार न करता पनवेल लोकल पकडली.

ऐरोलीला उतरल्यावर पहिला फ्लेमिंगो दिसला तो भिंतीवर रंगवलेला. दुसरा एका होर्डिंगवर. टू बीएचकेच्या बाल्कनीत कॉफीचा मग घेतलेली बाई आणि तिच्या मागे गुलाबी थवा. रिक्षावाल्याला 'किनारी व सागरी जैवविविधता केंद्र' सांगितलं तर तो नुसता बघत राहिला. "अहो, फ्लेमिंगोची बोट," म्हटल्यावर मीटर पडला.

बोट घड्याळावर सुटत नाही, भरतीवर सुटते. ओहोटीला खाडीत बोट तरंगण्याइतकं पाणी नसतं. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी उडून जातात. मधला वेळ साधायचा. दोन्ही बाजूंनी तिवरांची रांग, पुढे ऐरोलीचा पूल आणि पुलावरून सतत गाड्यांचा आवाज. अभयारण्य म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते इथे नाही. पलीकडे मुंबईचे टॉवर, विजेच्या तारा, पाण्याला येणारा वास. आणि मग वळणावर चिखलभर गुलाबी रंग. भाचीने मोबाइल काढला आणि नंतर बराच वेळ तो खालीच ठेवला. एवढी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती.

बहुतेक लहान फ्लेमिंगो होते, गडद चोचीचे. मान उलटी करून, चोच चिखलात बुडवून सगळ्यांची एका लयीत चाळणी चालू होती. या पक्ष्याचं खाणं म्हणजे निळं-हिरवं शेवाळ, गुलाबी रंगही त्यातूनच येतो. आता खरी मजा पुढे आहे. हे शेवाळ ठाण्याच्या खाडीत इतकं माजलं कशामुळे? पक्षीअभ्यासक सांगतात की शहरांच्या सांडपाण्यातून येणाऱ्या नायट्रेट-फॉस्फेटचा त्यात मोठा हात आहे. नव्वदच्या दशकात शिवडीच्या चिखलात हे थवे दिसू लागले, तोवर खाडीच्या दोन्ही काठांवर कारखाने आणि वस्त्या गच्च झाल्या होत्या. २०१५ मध्ये इथे सुमारे १७ चौरस किलोमीटरचं फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला आणि नवी मुंबई स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवू लागली. म्हणजे आपण जे पाणी घाण केलं, त्यावर जो पक्षी पोसला, त्याचंच चित्र लावून आपण त्या काठावरचे फ्लॅट विकतो. जाहिरातवाल्याने एवढं ठरवूनही जमवलं नसतं.

बोटीवर बसलेल्या गावातल्या एका काकांना विचारलं, पूर्वी काय मिळायचं खाडीत? "पयले जितारे मिलायचे, आता पर्यटक मिलतान," म्हणाले आणि स्वतःच हसले. निवट्या, चिंबोऱ्या, बोय अशी यादी त्यांनी भराभर म्हणून दाखवली. कंपन्यांचं पाणी आलं आणि मासळीला रॉकेलचा वास येऊ लागला, गिऱ्हाईक हात लावेना. त्यांच्या बोलण्यात फारशी कटुता नव्हती, मुलगा कंपनीतच लागलाय हेही त्यांनीच सांगितलं. मला मात्र त्यांच्या 'जिताऱ्या'चं, म्हणजे जिताडा माशाचं, वाईट वाटत राहिलं. फ्लेमिंगोला होर्डिंग मिळालं, त्याला ताटसुद्धा उरलं नाही.

भरती चढली तसे थवे उठले. ते गेले कुठे, याचं उत्तर नेरुळला आहे. चिखल बुडाला की हे पक्षी पामबीच रस्त्याजवळच्या पाणथळींवर विसावा घेतात, आणि ओहोटीला परत. आम्हीही मागोमाग लोकलने निघालो. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. जुन्या केमिकल कंपन्यांच्या पत्र्याच्या शेड आणि त्यांना खेटून काचेच्या आयटी इमारती. सीवूड्सला उतरलो, तर स्टेशनच्या डोक्यावरच मॉल. एसीत जाऊन थालीपीठ खाल्लं, ठीक होतं, दराच्या मानाने लहान होतं.

थवे विसावतात त्यांपैकी एक पाणथळ, दिल्ली पब्लिक स्कूलजवळचा डीपीएस तलाव, तिथून जवळ. याची गोष्ट होर्डिंगवर नसते. २०२४ च्या सुरुवातीला नेरुळ जेट्टीजवळच्या एका उंच फलकावर आदळून काही फ्लेमिंगो मेले, तो फलक मग काढून टाकला. त्याच वर्षी भरतीचं पाणी आत यायची वाट बुजल्याने तलाव आटला, आणखी पक्षी दगावले. मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेत ३९ गेले. स्थानिक लोक रस्त्यावर उतरले, मानवी साखळ्या झाल्या, आणि २०२५ मध्ये सुमारे ३० एकरांच्या या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला राज्य वन्यजीव मंडळाने मंजुरी दिली. आंदोलनकर्त्यांच्या फलकांवरही अर्थात तोच गुलाबी पक्षी होता. बिल्डरने घराघरात पोचवलेली ओळख त्यांच्या कामी आली, हे मान्य करायला हवं.

तलावाच्या काठी लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. नवरदेव घामाघूम. पाण्यात शंभरेक पक्षी असतील, बरेचसे एका पायावर झोपलेले. फोटोग्राफर टाळ्या वाजवून त्यांना उडवायला बघत होता, तेव्हा फिरायला आलेल्या एका आजींनी त्याला अस्सल शब्दांत झापलं. इथे छापत नाही.

परतताना एका मुलाने हातात पत्रक दिलं. पश्चिमेकडे तोंड असलेल्या फ्लॅटला चौरस फुटामागे जास्त दर, कारण फ्लेमिंगो व्ह्यू. भाचीने विचारलं, "आणि तलाव पुन्हा आटला तर?" तो क्षणभर थांबला. "मॅडम, मग सनसेट आहे ना! आणि आता एअरपोर्ट पण झालाय."

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते मे हा हंगाम. बोटीचं आधी बुकिंग करा, त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ बघा आणि टोपी विसरू नका. नेरुळला मात्र भरतीच्या वेळीच पोचा, ओहोटीला तिथे फक्त बगळे भेटतात.