नाथसागरावर समुद्राचं पाखरू

धरण भरलं की काठावरचा चिखल बुडतो आणि चिखलातली पाखरं पांगतात, त्यामुळं सप्टेंबरअखेर जायकवाडीला (नाथसागर म्हणजे याच धरणाचा जलाशय) कॅमेरा घेऊन जायचं आमच्या डोक्यातही नव्हतं. पण पैठणच्या मामेभावानं मोबाइलवर एक धुरकट फोटो पाठवला. पाण्यावर पांढरट ठिपका आणि खाली एकच ओळ, "हे काय असंल?"

साडेचारला संभाजीनगर सोडलं. बिडकीन, ढोरकीन मागं टाकून पिंपळवाडीजवळ गाडी लावली तेव्हा तांबडं फुटत होतं. पुढं पायी. काळ्या मातीनं एकेक बूट किलोभराचा झाला. काठावर थर्माकोलच्या चप्पूवर जाळं चढवणाऱ्या मामांनी विचारलं, "काय हुडकायलेत भाऊ?"

फोटो दाखवला. "हे व्हय? दोन दिस झाले, भोवऱ्यावानी फिरायलंय तिकडं."

भोवरा म्हटल्यावर पोटात गोळाच आला. रेड-नेक्ड फॅलरोप! उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात वीण आणि हिवाळा अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून लांब. मराठवाड्याला समुद्र नाही, पण हा पाहुणा वाटेत एखाद्या तलावावर टेकतो. पाण्यावर गरगर फिरून खालचे किडे वर ओढतो आणि सुईसारख्या चोचीनं टिपतो. जेमतेम चिमणीपेक्षा थोराड.

पालथा पडून दोनशेच्या वर फोटो काढले. मग ढोरकीनला चहा पिताना, कार्डात जागा करायची म्हणून, हललेले सगळे फोटो उडवले. इथं मी माती खाल्ली. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, नोंद टाकली तर तपासणाऱ्यांनी विचारलं, याचाच भाऊबंद ग्रे फॅलरोप कशावरून नाही? उरलेले फोटो सगळे समोरून, सोनेरी उजेडातले, भिंतीवर लावावेत असे. पाठ एकातही नीट नाही. पाठीवरच्या फिकट रेघा आणि चोचीची जाडी, भेद तिथंच होता. ते दाखवणारे दोन-तीन फोटो हललेले होते आणि ते मी चहासोबत पिऊन टाकले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेचार.

तेव्हा तुम्ही गेलात तर आधी पुरावा काढा, सौंदर्य नंतर. लांबून का होईना, बाजूनं, पाठीमागून, उडताना पंख उघडलेले, आणि शेजारी शेकाट्या किंवा टिलवा (चिखलातलीच पाखरं) असेल तर दोघं एका चौकटीत, म्हणजे आकार कळतो. घरी मोठ्या पडद्यावर बघेपर्यंत काहीही उडवू नका. कॅमेऱ्याचं घड्याळ निघण्याआधीच लावून घ्या.

पैठण रस्त्याकडच्या काठावर सकाळचं ऊन पाठीशी येतं, पण खेळ नऊपर्यंतच. नंतर पाण्यावरची हवा थरथरते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी पिसं लोण्यासारखी दिसतात. हे पाखरू सारखं हलतं, शटर 1/2000 सेकंदापेक्षा हळू नको. पांढरा रंग जळतो, म्हणून एक्सपोजर थोडं कमी. तिपाईपेक्षा जुन्या पायजम्याच्या पायात ज्वारी भरून शिवलेली पिशवी बरी, पाण्याच्या पातळीला टेकते. (घरी आल्यावर ती डब्यात ठेवा, उंदीर सोडत नाहीत.)

पाण्यात उतरून मागं लागू नका. फॅलरोप माणसाला फारसा बुजत नाही, गप पडून राहिलात तर स्वतःच जवळ येतो. माझ्या कोपरापासून दहा फुटांवर आला होता. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला चारा खायचा असतो, त्याला उडवून पंखांचा फोटो काढणं मला पटत नाही. 1986 पासून हे अभयारण्य आहे, ड्रोन तर नकोच. शेतातून जाणार असाल तर मालकाला विचारा, उभ्या कपाशीत घुसू नका.

दुसऱ्या दिवशी पाठ मिळाली, रेघांसकट. तिसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन गेलो. मामा जाळं झटकत होते. आम्हाला बघून लांबूनच हात हलवला, "गेलं की रातच्याला."