नऊ जमलेत? मग पळ!

शनिवारी सकाळची शाळा असायची, आणि शनिवारी आमच्या घरात लिहायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही, कामाला हात लावायचा नाही. कोकणातल्या आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे इथल्या ज्यूंना, लोक शनवार तेली म्हणत ते याचमुळे. त्या दिवशी आमचा घाणा बंद. आजोबांचा घाणा मी काही पाहिला नाही, शनिवार मात्र पुरता वाट्याला आला. आमच्या वर्गशिक्षकांनी त्यावर तोडगा काढला, "शनिवारी तू तोंडी." बाकीची मुलं शुद्धलेखन लिहीत बसायची आणि मी फळ्याजवळ उभा राहून कविता, पाढे, व्याकरणाचे नियम म्हणायचो. त्यामुळे माझं पाठांतर पक्कं झालं आणि अक्षर कोंबडीचे पाय ते कोंबडीचे पायच राहिलं.

शाळेच्या स्मरणिकेच्या मंडळींचा फोन आला, "तुमच्या सणांविषयी लिहा. आता शाळेत तुमच्यापैकी कुणीच नाही, मुलांना माहीत नसतं." खरं आहे. 1971 साली मी जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, झालो तेव्हासुद्धा अलिबागच्या इस्रायल आळीत कुलूप लागलेली घरं दिसू लागली होती.

आमच्या रजेचा घोळ असा, की सण दरवर्षी इंग्रजी तारखेने पुढेमागे व्हायचे. कारकुनांना वाटायचं, पोरगा हवी तेव्हा सुट्टी उकळतो. एकदा गणिताच्या सरांनी मुंबईहून आलेलं आमचं हिब्रू कॅलेंडर मागून घेतलं, दाते पंचांग शेजारी ठेवलं आणि अख्खा तास त्यावर घालवला. दोन्हीकडे महिने चंद्राचे. दोन्हीकडे वर्ष अकराएक दिवसांनी मागे पडतं, म्हणून अधिक महिना. आमच्याकडे 19 वर्षांत 7 वेळा, आणि पंचांगाचाही हिशेब जवळपास तोच. फरक एवढाच की पंचांगात अधिक महिना दरवेळी वेगळा येऊ शकतो, आमचा मात्र ठरलेला अदार. सरांनी फळ्यावर जोड्याच लावल्या. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, तो घटस्थापनेच्या आगेमागे. दहाव्या दिवशी दारफाळणी, म्हणजे योम किप्पूर, ती दसऱ्याच्या जवळ. मांडवांचा सण सुक्कोथ कोजागिरीला. पुरीम होळीला, आणि आमचे जुने लोक त्याला होळीचा सणच म्हणत. पेसाह हनुमान जयंतीला. कारकुनांनी त्यानंतर तक्रार केली नाही.

2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोन वर्षं दारफाळणी आणि दसरा अगदी एकाच दिवशी आले, तेव्हा मला सरांचा तो फळा आठवला. त्याच्या आदल्या वर्षी मात्र सगळं महिनाभर सरकलं होतं. पंचांगात अधिक श्रावण 2023 साली येऊन गेला, आणि आमचा अधिक अदार उगवला 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये.

नव्याच्या सणाचा घरातला खरा उद्योग म्हणजे चिकाचा हलवा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं, मग पाट्यावर वाटून फडक्यातून पिळून चीक काढायचा. त्यात नारळाचं दूध आणि साखर. गाईचं दूध नाही, कारण मटणाच्या जेवणानंतर दुधाचा पदार्थ आम्हाला चालत नाही. नारळामुळे ती अडचणच उरत नाही. मोठं कल्हईचं पातेलं चुलीवर चढलं की घरातला प्रत्येक हात पाळीपाळीने कालथ्यावर. सुरुवातीला नुसतं पांढरं पाणी ढवळल्यासारखं वाटतं, तासाभराने ते जड होऊ लागतं, आणि मग कालथा हलता हलत नाही. थांबलात की खाली लागलाच. किंचित गुलाबी रंग, वरून बदाम-पिस्त्याचे काप, ताटात थापून वड्या. पहिली ताटली शेजारी जायची, दुसरी मास्तरांच्या खोलीत. तिथली ताटली रिकामीच परत मिळायची, पण धुऊन!

त्याच दिवशी दुपारी समुद्रावर जाऊन, समोर कुलाबा किल्ला, प्रार्थना म्हणायची आणि वर्षभराची पापं पाण्यात सोडून यायचं. वर्गातली दोघंतिघं मुद्दाम बघायला यायची. "तुझी किती रे?" असं त्यांनी विचारलं की मी आकडा फुगवून सांगायचो.

दारफाळणीचं प्रकरण गंभीर. आदल्या दिवशी रवा-खोबऱ्याच्या गोड पुऱ्या, सूर्य मावळायच्या आत जेवण, आणि मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. पांढरे कपडे, सगळा दिवस मशिदीत. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. अलिबागचं मागेन आबोथ मूळ 1848 चं, आत्ताची इमारत 1910 ची. संध्याकाळी शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, एकदा लांब फुंकलं की उपास सुटला. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दानधर्म आणि एकमेकांकडे जाणं-येणं. दसरा जोडून आला की मित्र आपट्याची पानं आमच्यासाठी राखून ठेवत आणि शिळ्या सणाला घरी येऊन देत. सोनं घेऊन पुऱ्या खायच्या, असा तो व्यवहार.

पेसाहच्या आधी आळीत कल्हईवाला बसायचा. घरातलं एकूण एक तांब्या-पितळेचं भांडं त्याच्यापुढे, नवसागराचा धूर, भिंतींना चुना. मग आठ दिवस खमिराचं काही नाही, म्हणून पाव, बिस्किट बंद. नेमकी तेव्हाच वार्षिक परीक्षा. सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या खास जेवणाच्या, रात्री सगळ्यात धाकट्याने प्रश्न विचारायचे, मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, आमच्या पूर्वजांची सुटका कशी झाली ते मोठ्यांनी सांगायचं, आणि ते सगळं मराठीतूनही व्हायचं. पुण्यात 1874 साली छापलेल्या मराठी हगादाच्या, म्हणजे त्या रात्री वाचायच्या पुस्तकाच्या, चित्रांत बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. आमच्या आजीला मिसर म्हणजे पेणच्या पलीकडचं एखादं गाव वाटत असावं, इतक्या घरगुती रागाने ती तिथल्या राजाला, फारोला, शिव्या द्यायची. कीद्दूशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, वाइन कुठली? मनुका भिजवून, कुस्करून केलेलं सरबत.

बिर्ड्याचा सण, खिरीचा सण यांवर वेगळं लिहावं लागेल. पण खंडाळ्याचा उल्लेख केला नाही तर वर्गमित्र मला सोडणार नाहीत. घाटातलं खंडाळा नव्हे, अलिबागजवळचं खंडाळे. तिथल्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, रथाच्या खुणा आहेत अशी आमची श्रद्धा. माघाच्या सुमारास, शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, तिथे जाऊन मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, सुका मेवा, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं गाणं. मलिद्यासाठी आमच्यात सामील झालेल्या मुलांची संख्या कधीकधी आमच्यापेक्षा जास्त भरायची.

पण मलिद्याला कितीही माणसं चालतात, प्रार्थनेला चालत नाहीत. तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, बाहेर काढून वाचायची, गेलेल्यांसाठी कद्दीश म्हणायचं, तर तेरा वर्षं पूर्ण झालेले दहा पुरुष हवेत. नऊ असले तर थांबायचं. इस्राएल झाल्यावर एकेक कुटुंब निघत गेलं, आणि आमच्या आळीत मोठ्या सणांना नाही तरी पुरीमच्या सकाळी, सुक्कोथच्या मधल्या दिवसांत, कुणाच्या वडिलांच्या स्मरणदिनी हिशेब जुळेना. मला तेरावं संपलं आणि मी एकदम महत्त्वाचा माणूस झालो. शाळेच्या फाटकाशी कुणीतरी धापा टाकत यायचं, शिपाई वर्गात निरोप आणायचा. हेडमास्तरांच्या खोलीसमोरून जावं लागे. ते चष्म्यावरून बघत विचारायचे,

"किती जमलेत?"

"नऊ, सर."

"मग पळ!"

रजेचा अर्ज नाही, वडिलांची सही नाही. एकदा मात्र मी घाईत "दहा" म्हणालो. "मग तू कशाला? बस वर्गात," म्हणून त्यांनी परत पाठवलं. प्रार्थना चालवणारा बिचारा हझान वाट बघत राहिला. मला मोजूनच ते दहा होते.

आठवीत माझ्या बाकावरचा मित्र इस्राएलला गेला. वर्षाच्या मध्येच, दाखला घेऊन. तो आणि त्याचे दोन थोरले भाऊ, म्हणजे तीन आकडे एका दिवसात कमी. पुढे त्याची पत्रं आली ती मराठीत, आणि त्यांत तक्रार हीच, की तिथे सणाला सगळं गावच बंद असतं, त्यामुळे रजा मागण्यातली गंमत गेली.

आता अलिबागला मोठ्या सणांना मुंबई-ठाण्याची माणसं येतात तेव्हा मशीद भरते. मी स्वतः नोकरीमुळे ठाण्याला गेलो तो तिथलाच झालो. ठाण्याच्या 1879 सालच्या सिनेगॉगमध्ये दहाची चिंता पडत नाही. तरी आत शिरल्यावर मी आधी माणसं मोजतो. 2016 साली राज्य सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा घरात चर्चा झाली ती हीच, की अल्प म्हणजे नेमके किती, हे आम्हाला आधीपासून तोंडपाठ आहे.

स्मरणिकेच्या मंडळींना एक सूचना. यंदा 2026 साली पंचांगात अधिक ज्येष्ठ आला आहे आणि आमचा अधिक अदार पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणून नव्याचा सण 12 सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी. दारफाळणी 21 सप्टेंबरला, आणि दसरा थेट 20 ऑक्टोबरला. म्हणजे दसऱ्याला मी मोकळा आहे. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा त्या सुमारास ठेवलात तर चिकाचा हलवा माझ्याकडून. फक्त शनिवार टाळा, आणि तारीख आठवडाभर आधी कळवा. गहू भिजत घालायचे आहेत.