रामटेकच्या पायऱ्या अन् पोटऱ्या

आज सकाळी अंबाळा तलावाकडून गडाच्या पायऱ्या चढलो. चढताना दम निघते, पण खरी परीक्षा उतरताना राजेहो! मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन पेलतो, म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं.

वहिनीनं विचारलंच, "भाऊजी, याच्यानं पोट कई उतरते?" नुसतं पोटच नाही उतरत, वहिनी. चरबी जाते ती सगळ्या अंगाची, अन् तीही ताटातलं आवरलं तर. (तर्री-पोहे समोर ठेवून हे प्रश्न विचारू नये.) मांड्या, कुल्ले मात्र घट्ट होतात, बारीक होतीलच असं नाही. चवड्यावर उभं राहिलो की पोटरीत आता टणक गाठ उभी राहते, ते पोट्टेही दाबून पाहून गेले.

उद्या आराम. परवा कोण येते?