तुम्ही विचारलंत म्हणून: पोरगी वॉर्डातून रडत येते, नर्सिंग सोडवू का?

नाशिकला नर्सिंग शिकवते, म्हणून पालक मला हे दर वर्षी विचारतात. सुरगाणा, पेठ, कळवणहून फोन येतात. "मॅडम, पोरगी ड्युटीवरून आली की जेवत नाही, नुसती रडते. घरी आणू का?"

आणू नका. पण "होईल सवय" म्हणून फोनही ठेवू नका.

रक्ताची भीती बहुतेकींची काही दिवसांत जाते. सलत राहतो तो अपमान. शीर सापडली नाही की पेशंटच्या नातेवाइकांदेखत बोलणी बसतात, आणि मुलगी विचारायचंच बंद करते. मला धास्ती आहे ती याची. वापरलेली सुई बोटात गेली तर जागा साबण-पाण्याने धुऊन लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगायचं असतं. एचआयव्ही टाळायची औषधं लागणार असतील तर ती शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांत सुरू व्हावी लागतात. ओरडा बसेल म्हणून गप्प राहिलेल्या मुलीची ती वेळ निघून जाते.

म्हणून पोस्टिंग (वॉर्डातली ड्युटी) सुटल्यावरची पोस्ट-कॉन्फरन्स, म्हणजे मुलींसोबतची बैठक, मी सोडत नाही. बऱ्याच ठिकाणी ती केअर प्लॅन आणि प्रोसिजर बुक तपासण्यातच संपते. मी वह्या मिटायला लावते आणि विचारते, आज काय जड गेलं? जिने पहिल्यांदाच बॉडी पॅक केलेली असते, म्हणजे गेलेल्या पेशंटचा देह बांधून दिलेला असतो, ती सहसा बोलत नाही. तिला त्या संध्याकाळी होस्टेलवर एकटीला पाठवायचं नाही, कुणीतरी सोबत हवंच.

पेठची एक मुलगी लेक्चरला इंग्रजीमुळे मान वर करत नसे. वॉर्डात एक आजी सलाईन लावू देईना. ही तिच्याशी घरच्या कोकणा बोलीत बोलली आणि आजीने हात पुढे केला. त्या दिवशी बाकीच्या मुलींनी हिला विचारलं, काय बोललीस गं? असं कौतुक मी सगळ्यांसमोर करते. चूक मात्र बाजूला घेऊन सांगते.

तुम्ही घरून एवढं करा. मार्कांआधी जेवण-झोप विचारा. ती आठवडाभर झोपत नसेल किंवा जगणं नको म्हणाली, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र मोफत आहे, मराठीत बोलतात. आणि मलाही फोन करा, पण तिला सांगून.