इंटेलवरून आर्मकडे: लायब्रऱ्यांचा शोध घेत केलेला प्रवास

देवनागरी मजकुराची चित्रं बनवणारा सी भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम आम्ही वापरतो. जोडाक्षरं जुळवायचं काम हार्फबझ करतं, फॉन्टमधली वळणं फ्रीटाइप काढतं आणि ओळ कुठे तोडायची ते आयसीयू ठरवतं. बिल्डला, म्हणजे सोर्सपासून प्रोग्रॅम बनवताना, या तीन लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) सापडल्या की झालं. इंटेल प्रोसेसर आणि डेबियन लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर हे बिनबोभाट चालत होतं. तोच सोर्स घेऊन मी फेडोरा (दुसरं लिनक्स), आर्म जातीच्या प्रोसेसरचा एम१ मॅक आणि रास्पबेरी पाय हा आर्मचाच चिमुकला संगणक असा फिरलो. सी कोडला कुठेच हात लावावा लागला नाही. लायब्रऱ्या शोधताना मात्र प्रत्येक मुक्कामी अडलं, म्हणून त्याच वाटेने जाणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

निघण्याआधी मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) उघडून बघा. आमच्या मेकफाइलमध्ये लिंकरला (कोड आणि लायब्रऱ्या जोडणाऱ्या प्रोग्रॅमला) /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू हा पाथ थेट लिहून दिलेला होता. असा पाथ दिसेल तिथून काढून टाका. ही डेबियन-उबुंटूची मल्टिआर्क पद्धत. २०१३ च्या डेबियन ७ पासून तिथे प्रत्येक आर्किटेक्चरच्या, म्हणजे प्रोसेसरच्या जातीच्या, लायब्रऱ्यांना स्वतःची डिरेक्टरी मिळते, त्यामुळे एकाच मशीनवर इंटेल आणि आर्म दोन्ही सुखाने नांदतात. फेडोराचा रिवाज वेगळा: ६४ बिटांचं सगळं /यूएसआर/लिब६४ मध्ये, प्रोसेसर इंटेल असो वा आर्म. म्हणजे नुसता प्रोसेसर कळून भागत नाही, डिस्ट्रोही (डेबियन, फेडोरा असा लिनक्सचा प्रकार) बघावा लागतो. परक्या गावात घर शोधताना आपण नाक्यावर विचारतो, तसं इथे लायब्रऱ्यांचे पत्ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिग या कमांडला विचारायचं. त्याला हार्फबझ, फ्रीटाइप२ आणि आयसीयू-यूसी ही नावं देऊन --सीफ्लॅग्ज आणि --लिब्ज मागा. हेडरचा (लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या फाइलींचा) पाथही त्यातच मिळतो. फ्रीटाइपची हेडरं फ्रीटाइप२ नावाच्या उपडिरेक्टरीत असतात, ती हाताने शोधत बसू नये.

फेडोरावर लिंकर म्हणाला, फ्रीटाइप सापडत नाही. एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) केलं तर लिबफ्रीटाइप.एसओ.६ समोर दिसत होती! कारण साधं आहे. आकडा असलेली फाइल प्रोग्रॅम चालवताना लागते. लिंकर शोधतो ती बिनआकड्याची .एसओ, आणि ती डेव्हलपमेंट पॅकेजमधून येते. फेडोरावर नावाच्या शेवटी -डेव्हेल असलेलं पॅकेज टाका, डेबियनवर -डेव्ह. ते टाकल्यावर फेडोरावर बिल्ड एका दमात झालं.

मॅकवर जरा थांबायला हवं. होमब्रू (मॅकवर पॅकेजेस टाकायचं साधन) इंटेल मॅकवर /यूएसआर/लोकल मध्ये राहतं आणि ॲपल सिलिकॉनवर, म्हणजे एम१ सारख्या ॲपलच्या आर्म प्रोसेसरवर, /ऑप्ट/होमब्रू मध्ये. जुन्या इंटेल मॅकवरचा सगळा डेटा नव्या मशीनवर आणला असेल तर दोन्ही होमब्रू एकत्र असू शकतात. मग जुनं पीकेजी-कॉन्फिग रोझेटाच्या (इंटेलचे प्रोग्रॅम नव्या मॅकवर चालवणाऱ्या ॲपलच्या अनुवादकाच्या) जोरावर चालतं आणि इंटेलच्या लायब्रऱ्यांचा पत्ता देतं. लिंकर फक्त एक वॉर्निंग देतो की ही फाइल दुसऱ्या आर्किटेक्चरची आहे, म्हणून सोडून देतो. त्याखाली न सापडलेल्या सिंबॉल्सची (फंक्शन वगैरेंच्या नावांची) लांबलचक यादी येते आणि नजर यादीवरच अडकते. खरं कारण त्या वरच्या वॉर्निंगमध्ये असतं. आधी "विच" कमांड देऊन कुठलं पीकेजी-कॉन्फिग चालतंय ते बघा. आयसीयूचं आणखी वेगळं: मॅकओएसबरोबर स्वतःचं आयसीयू येतं, म्हणून होमब्रू आपलं आयसीयू नेहमीच्या जागी लिंक करत नाही. त्याची डिरेक्टरी पीकेजी_कॉन्फिग_पाथ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये घालावी लागते. आणि बिग सर या मॅकओएसच्या आवृत्तीपासून सिस्टिमच्या लायब्रऱ्या डिस्कवर सुट्या फाइल म्हणून नसतातच, तेव्हा त्या एलएसने शोधू नका. लिंकरला लागणाऱ्या त्यांच्या .टीबीडी फाइली (लायब्ररीतल्या नावांच्या याद्या) एसडीकेमध्ये, म्हणजे ॲपलच्या डेव्हलपर संचात, असतात. एसडीके कुठे आहे ते एक्ससीरन --शो-एसडीके-पाथ सांगतं.

रास्पबेरी पायवर मशीनची जात सांगणारं यूनेम -एम म्हणालं आर्च६४ (६४ बिटांचं आर्म, डेबियन त्यालाच आर्म६४ म्हणतं), पण ६४ बिटांच्या लायब्रऱ्या कुठेच नाहीत. ३२ बिटांच्या पाय ओएसखाली ६४ बिटांचा कर्नल (ओएसचा गाभा) चालू शकतो, आणि यूनेम कर्नलचीच माहिती देतं. खरं उत्तर डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर देतं. इथे आलं आर्मएचएफ, म्हणजे ३२ बिटांचं आर्म. जीसीसी -डम्पमशीन सुद्धा चालेल. बिल्ड स्क्रिप्टमध्ये यूनेमवरून डिरेक्टरी ठरवलेली दिसली की ती बदलाच.

पुढे कार्डावर ६४ बिटांचं ओएस घातलं आणि पायवर बिल्डची वाट बघण्यापेक्षा लॅपटॉपवरच क्रॉस-कंपाइल केलं, म्हणजे इंटेलवर बसून आर्मसाठी बिल्ड केलं. डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आर्म६४, मग एपीटी अपडेट, मग क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४, आणि लायब्रऱ्यांच्या -डेव्ह पॅकेजच्या नावापुढे :आर्म६४. उबुंटू २२.०४ किंवा २४.०४ असेल तर इथे ४०४ (फाइल सापडली नाही) येईल. त्यांची आर्मची पॅकेजेस पोर्ट्सच्या वेगळ्या सर्व्हरवर असतात, तो सोर्सेसमध्ये स्वतंत्र लिहावा लागतो. डेबियनला ही कटकट नाही.

सगळ्यात जपायचं ते इथे. पीकेजी_कॉन्फिग_पाथ दिला तर तो नेहमीच्या यादीच्या आधी जोडला जातो, मूळ यादी तशीच राहते. आर्मची एखादी लायब्ररी टाकायची राहिली की इंटेलची गुपचूप उचलली जाते. पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर मूळ यादीची जागाच घेतं, म्हणून क्रॉस-कंपाइलला तेच वापरा. मेकफाइलऐवजी सीमेक हे बिल्डचं साधन वापरत असाल तर त्याच्या टूलचेन फाइलमध्ये (कुठल्या मशीनसाठी बिल्ड करायचं ते सांगणाऱ्या) आर्किटेक्चरचं नाव आणि लायब्ररी शोधण्याची हद्द दोन्ही लिहा.

बाहेर पडलेली बायनरी पायवर नेण्याआधी "फाइल" कमांडने तपासा, आणि रीडएल्फ -डी देऊन तिला कुठल्या लायब्रऱ्या लागतात ते बघा. लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणारी नेहमीची एलडीडी कमांड परक्या आर्किटेक्चरवर उपयोगाची नाही. लॅपटॉपवरचं डेबियन पायवरच्यापेक्षा नवं असेल तर जीलिबसीची (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची) आवृत्ती न जुळल्यामुळे प्रोग्रॅम सुरूच न होण्याची शक्यता असते. दोन्हीकडे एकच रिलीज ठेवा. आणि समोर दिसणारी फाइल चालवताना "नो सच फाइल" आलं तर गायब फाइल बहुधा लोडर (प्रोग्रॅम सुरू करताना लायब्रऱ्या मेमरीत आणणारा) असते. रीडएल्फ -एल त्याचा पाथ दाखवतं: आर्म६४ वर जीलिबसीचा लोडर /लिब/एलडी-लिनक्स-आर्च६४.एसओ.१. अल्पाइन या लिनक्सवर जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असल्यामुळे तो नसतो, तिथे बिल्ड अल्पाइनच्याच कंटेनरमध्ये (बंदिस्त वातावरणात) करावं.